‘आत्मविश्वासाचा अभाव’ : या लाल शेऱ्याला उत्तर

परवा संध्याकाळी माझी भाची घरी आली. पाठाची वही माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, ‘मामा, म्या आता कालेजात जात नाई.’

पोरगी डी.एड. करते. आता कागदोपत्री त्याला डी.एल.एड. म्हणतात, पण आमच्या वस्तीत ते अजून डी.एड.च आहे. बाप बांधकामावर. आई दुसऱ्याच्या रानात. बारावीला चांगले मार्क पाडून ही पोरगी अध्यापक विद्यालयात गेली तेव्हा आख्ख्या गल्लीनं चहा पिला होता. आपली पोरगी बाई होणार म्हणून. आणि ती आता म्हणते, जात नाई.

वही उघडली. चवथीचा वर्ग. परिसर अभ्यास. घटक : पाणी. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. सगळे रकाने भरलेले. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. आणि खाली लाल शाईत निरीक्षकाचा शेरा :

‘उच्चार अशुद्ध. न-ण भेद नाही. आत्मविश्वासाचा अभाव. व्यक्तिमत्त्व विकासाकडे लक्ष द्यावे.’

मी विचारलं, झालं काय? तिनं सांगितलं. पाठ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला ती ‘पानी’ म्हणाली. पाठीमागच्या बाकावर पाठ बघायला बसलेले चौघं छात्राध्यापक फिसकन हसले. निरीक्षक सर वहीत तोंड घालून हसले. मग हिचा आवाज गेला. खडू धरलेला हात कापायला लागला.

‘पोरं हसली का?’ मी विचारलं.

‘नाई. पोरं कामून हसतील? ती बी पानीच म्हनतात.’

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. ज्यांना शिकवायचं ते हसले नाहीत. ज्यांना शिकवायचं नव्हतं, जे मागं बसून फक्त तोलत होते, ते हसले. सबंध डी.एड.चा अभ्यासक्रम वाचून जे कळत नाही ते ह्या एका वाक्यात आहे.

आणखी एक सांगते. म्हणे, पाठ संपत आला तेव्हा खिडकीजवळचं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, ‘बाई, ढगातलं पानी सगळ्यांवर पडतं, मंग आमच्या गल्लीतला नळ चार दिसाआड कामून येतो?’ हिनं पाठ टाचण बाजूला ठेवलं. फळ्यावर टाकी काढली. टाकीपासून पाइपलाइन काढली. लाइन कुठून कुठं जाते, शेवटच्या टोकाला कोण राहतं, ते पोरांनाच विचारलं. पोरं एकदम बोलायला लागली. कोणाकडं रोज येतं, कोणाकडं येतच नाही, कोणाची आई रात्री दोनला उठते. ही म्हणाली, पाऊस निसर्गाचा आहे, नळ माणसांनी टाकलेला आहे. माणसांनी टाकलेली गोष्ट माणसांना विचारता येते. तास संपला तरी पोरं उठंनात.

ह्याबद्दल लाल शाईत एक अक्षर नाही.

*

आता मी ‘अभाव’ ह्या शब्दाकडं येतो.

अभाव म्हणजे मुळात नसणं. माझं म्हणणं आहे की ते होतं. वर्गात पाय टाकताना होतं. बारावीपर्यंत जी पोरगी चिमणीच्या उजेडात आणि शेजारच्याच्या टीव्हीच्या गोंगाटात अभ्यास करते तिच्याकडं आत्मविश्वास नव्हता असं म्हणणाऱ्यानं आधी एक रात्र आमच्या घरात काढावी. ते होतं, आणि पाच मिनिटांत गेलं. मग मधल्या पाच मिनिटांत ते कोणी नेलं ह्याची चौकशी कोण करणार? ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच येऊन सांगायचं, की बाबा रे, तुझ्याकडं भांड्यांचा अभाव आहे. आणि वर सल्ला द्यायचा, भांडी विकासाकडं लक्ष दे!

ह्या अध्यापक विद्यालयांमध्ये आता व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं होतात. टाय लावलेला एक पाहुणा येतो. पोरांना डोळे मिटायला लावतो. ‘मी करू शकतो, मी करू शकतो’ असं म्हणायला लावतो. टाळ्या वाजवायला लावतो. मी अशा एका शिबिराला शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारचं पोरगं, मांगवाड्यातलं, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात म्हणत होतं. मी विचारलं, काय म्हणतोस? तर म्हणालं, ‘सर, उद्या भूमितीचा पाठ हाय आणि मला कोन मोजायला नीट येत न्हाई, ते कोणाला विचारू?’ सांगा, टाळ्यांनी कोन मोजता येतो का? त्या पोराला कोनमापक घेऊन शेजारी बसणारा एक माणूस पाहिजे होता. विद्यालयानं त्याला टाय लावलेला माणूस आणून दिला.

*

आता न आणि ण.

मी भाषेचा पंडित नाही. पण तीसेक वर्षं मराठी शिकवलं, आणि ज्या गोष्टीसाठी लोक हसतात ती गोष्ट खोदून बघायची मला खोड आहे. म्हणून सांगतो.

‘पाणी’ हा शब्द आला कुठून? संस्कृतातल्या ‘पानीय’वरून. त्यात ‘न’ आहे. दंत्य न. तुमच्या देवभाषेत न आहे. प्राकृत बोलणाऱ्या लोकांनी, म्हणजे तुम्ही ज्यांना अडाणी म्हणाला असता त्या लोकांनी, त्याचा ण केला आणि तो मराठीत आला. म्हणजे निरीक्षक महाशय, संस्कृतच्या मापानं मोजायचं तर तुमचंच ‘पाणी’ अशुद्ध आणि माझ्या भाचीचं ‘पानी’ मुळाला धरून! ‘लोणी’चं बघा. मूळ ‘नवनीत’. त्यातही न. तिथंही तुम्ही ण करून बसलात.

आता उलटं बघा. ‘कर्ण’चा झाला कान. ‘पर्ण’चं झालं पान. ‘सुवर्ण’चं झालं सोनं. ‘चूर्ण’चा झाला चुना. तिथं मूळ ण होता, तुम्ही तो घालवून न केलात. त्याला कोणी अशुद्ध म्हणालं? कोणत्या निरीक्षकानं ‘कान’ ह्या शब्दावर लाल रेघ मारली? म्हणजे न चा ण झाला, ण चा न झाला, हे भाषेत सदाचंच आहे. सगळ्यांच्याच तोंडात होतं. फक्त तुमच्या तोंडात झालं की ती मराठी, आणि आमच्या तोंडात झालं की तो दोष.

आणि हसू नेमकं कशाला येतं तेही बघा. हिंदी सिनेमातला हिरो ‘पानी’ म्हणतो. हिंदी बोलणारी माणसं ‘पानी’ म्हणतात. तेव्हा कोणी फिसकन हसत नाही. म्हणजे हसू न ला येत नाही. न ज्या तोंडातून येतो त्या तोंडाला येतं. त्या तोंडामागच्या वस्तीला येतं. हे एकदा ध्यानात घ्या, म्हणजे ‘उच्चार अशुद्ध’ ह्या शेऱ्याचा खरा अर्थ कळेल.

‘शुद्ध’ ठरवलं कोणी? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्याच्या हाताखाली शास्त्रीमंडळी. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. सरकारी शाळांची पुस्तकं ज्यांनी लिहिली आणि तपासली त्यांच्या घरात जे बोललं जात होतं, ते पुस्तकात गेलं. पुस्तकात गेलं म्हणून ते प्रमाण झालं. त्या वेळी आमचा आजा-पणजा शाळेच्या ओट्याखाली सुद्धा उभा नव्हता. त्याला कोणी विचारलं नाही की, बाबा, तू काय म्हणतोस?

आणि हे प्रमाणसुद्धा काय दगडावरची रेघ आहे? जुनी पुस्तकं काढा. ‘घरांत’, ‘तें’, ‘मी करतों’ असे डोक्यावर टिंब दिलेले शब्द दिसतील. ते टिंब दिलं नाही तर मास्तर छडी मारायचा. मग १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनानं मान्य केले आणि उच्चार न होणारी टिंबं गेली. म्हणजे काल टिंब न देणारा पोरगा चुकत होता, आज टिंब देणारा चुकायला लागला. पोरगा तोच. हात तोच. एका कागदानं शुद्धाचं अशुद्ध झालं. जे एका कागदानं बदलतं त्याच्यापायी माझी भाची शाळा सोडते म्हणते.

आणि शब्द तरी कोणता? पाणी. ह्याच शब्दासाठी २० मार्च १९२७ ला महाडला आमची माणसं चवदार तळ्यावर गेली आणि डोकी फोडून घेतली. ज्यांना शतकानुशतकं पाणी पिऊ दिलं नाही, त्यांना आता सांगताय की तुम्हाला पाणी म्हणता येत नाही? लाज वाटत नाही?

*

कोणी म्हणेल, मग काय प्रमाणभाषा शिकवायचीच नाही? पोरांनी परीक्षेत ‘पानी’ लिहायचं आणि नापास व्हायचं?

नाही. हे मी म्हणत नाही. जो म्हणतो तो आमचा मित्र नाही. आपल्या पोरांनी पुस्तकाची भाषा वाचली पाहिजे, लिहिली पाहिजे, तिच्यात अर्ज केला पाहिजे, भांडलं पाहिजे. बाबासाहेबांनी इंग्रजी शिकताना इंग्रजी साहेबाची आहे म्हणून सोडली नाही. पुस्तकाची भाषा हे हत्यार आहे. ते हातात पाहिजेच. पण हत्यार हातात देणं वेगळं आणि त्याच हत्यारानं पोराची जीभ कापणं वेगळं. शिक्षकानं म्हणावं, ‘आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात, दोन्ही ध्यानात ठेवा.’ ह्याला अर्धं मिनिट लागतं. हसायलाही अर्धंच मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाचं काय करायचं ते शिक्षकानं ठरवायचं असतं.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की मुलाला भीती, धास्ती आणि दडपण यांतून मोकळं ठेवावं, त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं, आणि जमेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं. मी विचारतो, जी पोरगी स्वतः भीतीनं कापते ती चाळीस पोरांना भीतीतून मोकळं कसं करणार? तिला मोकळं करणारं कलम कुठाय?

*

आता एक गोष्ट सांगायची ती जड जाते. पण हे पान खोटं बोलायसाठी नाही.

तो निरीक्षक आपला आहे.

हो. आपल्यातलाच. त्याच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. चौदा एप्रिलला तो भाषण करतो. आणि तोच, वर्गाच्या मागच्या बाकावर बसून, आपल्याच पोरीच्या ‘पानी’ला हसतो. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती आपण दरसाल भाषणात सांगतो आणि दुसऱ्याकडं बोट करतो. बोट इकडं वळवा.

मी त्याला शिवी देणार नाही. मला माहीत आहे त्याचं काय झालं असणार. त्याच्याही वहीवर कधीतरी लाल शाई पडली असणार. त्यानं मग आरशासमोर उभं राहून जीभ घासली असणार. न घासला, ह घासला, आईचे शब्द घासून काढले. इतकं करून तो खुर्चीत बसला. आता समोर एक पोरगी न घासता उभी राहते आणि पोरांना तिचं कळतं, तर त्याला वाटतं, मग मी एवढी वर्षं काय केलं? म्हणून तो हसतो.

मला हे कसं कळलं? कारण मीसुद्धा तेच केलंय. १९८१ साली माझ्या पहिल्या सराव पाठाला माझ्यावर हसले होते. मी ‘हाय’ म्हणालो म्हणून. आणि नोकरी लागल्यावर पहिली सात-आठ वर्षं मी हातात पट्टी घेऊन पोरांचं ‘पानी’ सुधारत होतो. एक पोरगी होती, पारध्याची. फार बोलायची. मी तिला इतक्यांदा टोकलं की ती बोलायचीच बंद झाली. मला वाटलं, वर्ग शांत झाला. शिस्त आली. मग ती शाळेतच यायची बंद झाली. ही माझ्या नावावरची गोष्ट आहे. ती कोणत्याही पाठाच्या वहीत नाही. इथं लिहितो.

*

आमच्यात आत्मविश्वास नाही म्हणणाऱ्यांना मी आमच्या घरातली माणसं दाखवतो.

सावित्रीबाई. शिकवायला उभी राहिली १८४८ साली. वय सतरा. पण ती तशीच उभी राहिली नाही. ती आधी शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आली. अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडं आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. म्हणजे आमची पहिली बाई ही मुळात छात्राध्यापिका! तिच्या अंगावर शेण पडत होतं, दगड पडत होते. ती दुसरं लुगडं बरोबर नेत होती. आत्मविश्वास म्हणजे काय ते ह्या दुसऱ्या लुगड्यात आहे. शेण पडणार नाही असं तिला वाटत नव्हतं. पडणार हे माहीत होतं, आणि पडल्यावर काय करायचं ह्याची तयारी पिशवीत होती.

आणि फुल्यांच्या शाळेतली मुक्ता. मांगाची पोर. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. त्या पोरीला कोणी आधी न-ण शिकवत बसलं असतं तर तो निबंध झाला असता का?

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागितलं की प्राथमिक शाळेचे मास्तर ट्रेनिंग झालेले असावेत, त्यांना पोटापुरता पगार असावा, आणि ते शक्य तितके कष्टकरी शेतकरी जातींतून तयार करावेत. कारण ते लोकांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील. म्हणजे जी गोष्ट आज शेऱ्यात ‘दोष’ म्हणून लिहितात, लोकांसारखं बोलणं, लोकांत मिसळणं, ती जोतीरावांनी मास्तरची लायकी म्हणून मागितली होती. एवढी वर्षं झाली. आता कुठं तसे मास्तर, तशा बाई विद्यालयात यायला लागल्या, तर तुम्ही त्यांना लोकांसारखं बोलू नका म्हणता.

आणि बाबासाहेब. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर पोरं धावली. फळ्यामागं ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून. ते डबे हलेपर्यंत भीमराव उभे. तेच १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. तिथं सोबतच्या प्रोफेसरांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. परत पाणीच! पोरांनाही आधी वाटलं, हा काय शिकवणार? मग दुसऱ्या कॉलेजची पोरं त्यांच्या तासाला येऊन बसायला लागली. कशामुळं? डोळे मिटून ‘मी करू शकतो’ म्हटल्यामुळं नाही. विषयाची तयारी अशी असायची की हसणाऱ्याला हसायला जागाच राहू नये.

म्हणून आपल्या पोरापोरींनाही एक कडू गोष्ट सांगतो. आपल्यावर अन्याय होतो हे खरं. पण अपूर्णांक न येता अपूर्णांक शिकवायला उभं राहिलं तर पाय कापणारच, आणि ते कापणं जातीमुळं नाही. अन्यायाच्या आड अज्ञान लपवू नका. जे येत नाही ते रात्री जागून शिका.

*

मग आत्मविश्वास तयार होतो कसा? बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली ह्याच्यावर लिहिलं. तो म्हणतो, एखादं काम मला जमेल हा भरवसा चार वाटांनी येतो. स्वतः करून जमलं, ही पहिली आणि सगळ्यात भक्कम. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहिलं, ही दुसरी. विश्वासाच्या माणसानं धीर दिला, ही तिसरी. आणि छातीतली धडधड माणूस कशी समजून घेतो, ही चौथी. हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. रानात नवीन आलेल्या सुनेला ती खुरपं देताना आधी एक तास पुढं देत नव्हती. चार हात पुढं देत होती. तेवढं झालं की म्हणायची, ‘बघ, आलं की!’

आता डी.एड.मध्ये काय होतं ते ताडून बघा. सूक्ष्म अध्यापन नावाची चांगली गोष्ट आहे. एकच कौशल्य घ्यायचं. आपल्याकडच्या नमुन्यात ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रतिक्रिया, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा शिकवायचं, ६ मिनिटं पुन्हा प्रतिक्रिया. एकूण ३६ मिनिटं. ह्यातला जीव कशात आहे? ‘पुन्हा’मध्ये. चुकलास, ये, बस, परत कर, जमलं. पण कित्येक ठिकाणी होतं काय? पहिली ६ मिनिटं होतात, आणि राहिलेली ३० मिनिटं वहीत होतात. नुसती लिहून. पुनर्अध्यापन झाले. सही. शिक्का. म्हणजे पोराच्या पदरात चूक पडते आणि दुरुस्ती कागदावर राहते. मग तो भित्रा होणार नाही तर काय होणार?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं एक उदाहरण सांगतो. सेप्टिमा क्लार्क नावाची शिक्षिका होती. काळ्यांच्या हक्काच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला ती तयार झाली नाही म्हणून १९५६ साली तिची नोकरी गेली. पुढच्या वर्षी जॉन्स आयलंडवर प्रौढ काळ्या लोकांसाठी वर्ग सुरू झाला. वाचता आलं तरच मतदार यादीत नाव, असा तिथला कायदा. त्या वर्गाची पहिली शिक्षिका कोण? बर्निस रॉबिन्सन. केस करणारी बाई, ब्यूटी पार्लरवाली. डिग्री नाही. ती वर्गाला म्हणाली की मी काही शिक्षक नाही, आपण मिळून शिकू. लोकांना सही करायची होती, पत्र वाचायचं होतं, फॉर्म भरायचा होता. तिनं तेच शिकवलं. त्या वर्गातून तसेच वर्ग पुढं दक्षिणेत जागोजाग निघाले. तिला कोणी ‘आत्मविश्वासाचा अभाव’ लिहिलं नाही, कारण मागच्या बाकावर हसायला कोणी बसलेलंच नव्हतं.

आणि पोटाचं काय? २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला महिना ३००० रुपये, तीन वर्षं. मधे ६००० झाले. १६००० व्हायला २०२३ साल उजाडलं. पात्रता परीक्षा द्या, मग अभियोग्यता परीक्षा द्या, मग भरतीची वाट बघा, मग मानधनावर राबा. एका पिढीला तुम्ही शेतमजुरापेक्षा कमी पैशात वर्गात उभं केलंत आणि ताठ उभं राहा म्हणालात. जोतीरावांनी ट्रेनिंग आणि पगार एका दमात मागितले होते ते उगाच नाही.

*

तेव्हा माझं मागणं स्पष्ट आहे.

ज्या निरीक्षकाला पाठावर शेरा मारायचा त्यानं आधी तोच घटक त्याच वर्गात स्वतः घेऊन दाखवावा. पोरांनी बघावा. मग शेरा मारावा.

‘आत्मविश्वासाचा अभाव’ हे शब्द शेऱ्यातून कायमचे काढावेत. ते निदान नाही, शिवी आहे. काय चुकलं ते लिहा : आवाज मागच्या रांगेला पोचला नाही, तिसऱ्या प्रश्नाला उत्तर यायच्या आत तुम्हीच उत्तर दिलंत, फळ्यावरची अक्षरं लहान होती. हे दुरुस्त करता येतं.

वर्गात काय जमलं तेही लिहा. नळाचा प्रश्न विचारणारं पोरगं तुमच्या नोंदीत नसेल तर तुम्ही पाठ बघितलाच नाही.

‘पुन्हा’ची मिनिटं वर्गात द्या, वहीत नको.

आणि पाठ चालू असताना हसणारा छात्राध्यापक असेल तर त्याला बाहेर काढू नका. त्याला पुढच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या बालवाडीत पाठ द्या. त्याचं ‘पाणी’ तिथं किती पोरांना कळतं ते बघू.

हे ते करतील का? लगेच नाही. म्हणून आपण आपलं करायचं. १९८१ साली आम्ही वसतिगृहात चौघं होतो. रात्री जेवण झालं की खोलीचं दार लावायचो आणि दाराच्या पाठीवर खडूनं लिहून एकमेकांपुढं पाठ घ्यायचो. चुका काढायचो. अगदी निर्दयपणे काढायचो. पण नियम एकच होता : हसायचं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो की पाय जमिनीवर असायचे, कारण ते वाक्य काल रात्री एकदा बोलून झालेलं असायचं. चौघंही मास्तर झालो.

गेल्या रविवारी भाचीला घेऊन मी विहारात बसलो. आणखी तिघं आली. एक वडाराचा पोरगा, दोन आपल्याच पोरी. फळा नव्हता, तर पत्र्याच्या दारावर लिहिलं. गल्लीतली दहा-बारा पोरं गोळा केली. भाचीनं परत पाण्याचाच पाठ घेतला. पहिल्या मिनिटाला म्हणाली, ‘आपण घरी काय म्हणतो? पानी. पुस्तकात काय लिहिलंय? वाचा बरं.’ पोरं ओरडली, ‘पाणी!’ ती म्हणाली, ‘दोन्ही आपलेच. चला पुढं.’ एवढंच. दोन ठिकाणी घसरली. एका ठिकाणी वाफ आणि धुकं यांत गोंधळ केला. आम्ही सांगितलं. परत घेतलं. दुसऱ्यांदा जमलं.

ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणत नाही. सोमवारी तिचा कॉलेजात पाठ आहे. तोच निरीक्षक आहे. तेच चौघं मागं बसणार आहेत. तिनं मला विचारलं, ‘मामा, परत हसले तर?’

मी म्हणालो, ‘हसू दे. तू मागं बघू नको. तुझी पोरं पुढं बसलीत.’

ज्यांच्या ज्यांच्या वहीत असा लाल शेरा आहे त्यांनी वही घेऊन रविवारी आपापल्या विहारात, समाजमंदिरात, झाडाखाली बसावं. जुन्या मास्तरांनी, बायांनी घरात पेन्शन मोजत बसू नये, तिथं जावं. फळा नसला तर दार आहे.

जयभीम.